वेल फुलतो, फळ धरत नाही? आधी बागेतल्या माश्यांची चौकशी करा

श्रावण आला की गच्चीवर किंवा परसात भाज्या लावणाऱ्यांची तीच तक्रार सुरू होते. वेल मांडवभर पसरलाय, फुलं भरपूर आहेत, फुलामागे बोटाएवढं फळही दिसतं, आणि चार दिवसांत ते पिवळं पडून गळतं. मग कोणी कॅल्शियम कमी पडतंय म्हणतं, कोणी ताक शिंपडायला सांगतं, कोणी बोरॉनची पुडी देतं. कृषी सेवा केंद्रात 'फूलगळीचं औषध' मिळतं, तेही मारून होतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

बहुतेक वेळा वेलाला काहीही झालेलं नसतं. फुलावर वेळेला कोणी आलेलंच नसतं. आणि हे दरवर्षी होतं, कारण आपण बागेत फुलं लावतो, पण त्या फुलांवर येणाऱ्या जिवांच्या राहण्याची, पाण्याची, वर्षभराच्या पोटाची सोय करत नाही. उलट फवाऱ्याने त्यांना घालवतो. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी पुढच्या गोष्टी पाहा. क्रम शक्यतो हाच ठेवा.

खरंच परागीभवनाचाच प्रश्न आहे का?

दुधी, दोडका, कारलं, काकडी, लाल भोपळा या वेलांना नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. नर फूल नुसत्या देठावर असतं. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ जन्मापासूनच असतं. ते बघून आपण म्हणतो, 'फळ धरलं होतं, पण गळलं.' खरं तर ते धरलेलंच नसतं. पराग मिळाला तर ते वाढणार, नाही मिळाला तर वेल ते टाकून देणार.

गळलेलं फळ हातात घेऊन नीट बघा. सगळं सारखं पिवळं पडून सुकलंय आणि कुठेही जखम नाही, तर पराग मिळालेला नाही. सालीवर टोचल्याची बारीक खूण आहे, तिथून डिंकासारखा चीक आलाय, कापल्यावर आत पांढऱ्या अळ्या आहेत, तर ती फळमाशी. तिचा उपाय वेगळा: क्यू-ल्यूरचा (नर फळमाशीला ओढून घेणाऱ्या वासाचा) कामगंध सापळा टांगायचा, सडकी फळं बागेत पडू द्यायची नाहीत, कोवळ्या फळांना कागदी किंवा कापडी पिशवी बांधायची. काकडी एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक राहिली असेल, दुधी मध्येच आवळलेला असेल, तर परागीभवन झालंय पण अर्धवट. फुलावर मधमाशी एकदा येऊन भागत नाही, तिच्या बऱ्याच फेऱ्या व्हाव्या लागतात, तेव्हा सगळ्या बिया भरतात आणि फळ सरळ वाढतं.

वेलावर अजून फक्त नर फुलंच येत असतील तर थोडे दिवस थांबा. सुरुवातीला नर फुलंच येतात. पुढेही मादी फुलं दिसली नाहीत तर ऊन कमी पडतंय किंवा नत्र जास्त झालंय. शेणखत, कंपोस्ट, वर युरियाची चिमूट असा मारा झाला की वेल पानांवर जातो. यात माश्यांचा काही संबंध नाही. पॉलिहाऊससाठीच्या काकडीच्या काही जाती परागीभवनाशिवायच फळ धरतात, त्यामुळे शेजारच्या अशा काकडीशी आपल्या गावरान काकडीची तुलना करू नका.

वांग्याची गोष्ट निराळी आहे. वांग्याच्या काही फुलांत मधली दांडी, म्हणजे कुक्षीवृंत, अगदी आखूड असते. ती फुलं फळ न धरता गळतात आणि ते नैसर्गिक आहे. सगळीच फुलं गळत असतील तरच पुढे शोध घ्या.

फूल उमलतं केव्हा, हे पाहिलंय का?

'आमच्याकडे मधमाश्या येतच नाहीत' असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, तुम्ही बघता केव्हा? बहुतेक जण नाश्ता उरकून नऊ-दहाला गच्चीवर जातात. त्या वेळी दुधीचं फूल मिटून मान टाकायच्या बेतात असतं.

प्रत्येक वेलाची वेळ ठरलेली आहे. लाल भोपळ्याचं फूल पहाटे, उजाडायच्याही आधी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. कारलं आणि काकडी भल्या सकाळी. घोसाळंही सकाळचं. दोडका मात्र संध्याकाळी फुलतो, दुधीही संध्याकाळी, आणि पडवळाची ती झालरीची पांढरी फुलं अंधार पडताना. दोडका आणि घोसाळं ही सख्खी भावंडं असून त्यांच्या वेळा अशा उलट्या, हे पुष्कळ जुन्या बागायतदारांनाही माहीत नसतं.

एक दिवस मुद्दाम दुधीच्या वेलाजवळ तिन्हीसांजेला बसा. दिवसभर घट्ट पिळलेली कळी सैल होते आणि पाच पांढऱ्या पाकळ्या चुरगळलेल्या रुमालासारख्या उघडतात, त्यांवर हिरवट शिरा. प्रकाश बराच कमी झाला की जाडसर अंगाचे मोठे पतंग येतात, हॉक मॉथ म्हणतात ते. ते फुलावर बसत नाहीत. पंख इतक्या वेगाने हलवत हवेतच थांबतात की पंख दिसतच नाहीत, नुसती थरथर दिसते. लांब सोंड फुलात घालतात, दोन-तीन क्षण, की पुढच्या फुलावर. फार तर अर्धा तास हा खेळ चालतो. ज्यांच्या गच्चीवर हे घडतं, त्यांचा दुधी धरतो.

ज्यांच्याकडे घडत नाही, त्यांनी मांडवावर कुठला दिवा पडतो ते बघावं. इमारतीच्या गच्चीवर हल्ली पांढरे झगझगीत एलईडी रात्रभर चालू असतात. पतंग त्या दिव्याभोवती फिरत राहतात, फुलांकडे येत नाहीत. दिवा वेलाकडून वळवा, वरून झाकण लावा, पिवळसर बल्ब बसवा, किंवा निदान संध्याकाळी दोन तास बंद ठेवा. यात खर्च जवळजवळ शून्य आहे.

तोपर्यंत हातानं परागीभवन करा. ताजं उमललेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या, मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच, पण सगळ्या बाजूंनी फिरवायचा. दुधी, दोडका आणि पडवळासाठी हे संध्याकाळी, कारलं आणि काकडीसाठी सकाळी लवकर. सकाळी दहाला दुधीचं हाताने परागीभवन करून 'काही उपयोग झाला नाही' म्हणणारे बरेच भेटतात. उपयोग होणार नाहीच, वेळ निघून गेलेली असते. हा तात्पुरता इलाज आहे हे मात्र लक्षात ठेवा. फुलाफुलाला आयुष्यभर तुम्ही पुरणार नाही.

फुलं आहेत, तरी माश्या नाहीत

याची दोन कारणं मी सतत पाहते. पहिलं, फुलं चुकीची. रोपवाटिकेतून आणलेले भरगच्च पाकळ्यांचे झेंडू, दुहेरी जास्वंद, पेटुनिया, बोगनवेल हे सगळं आपल्या डोळ्यांना छान, पण माशीला त्यातून फार काही मिळत नाही. ज्या फुलाचा मध्य उघडा आहे, पराग दिसतोय, ते फूल कामाचं. तुळस आणि सब्जा यांच्या मंजिऱ्या खुडायचं थांबवा. कोथिंबीर, बडीशेप, मोहरी, मुळा यांची दोन-चार रोपं न उपटता फुलू द्या. कोथिंबिरीच्या पांढऱ्या तुऱ्यांवर किती प्रकारचे बारीक कीटक येतात ते एकदा बघाच. तीळ, कारळा, तूर, एकेरी झेंडू, साधं गावरान सूर्यफूल हे सगळं कुंडीत किंवा वाफ्यात येतं. जागा असेल तर शेवगा. आणि एकदांडी, जी आपण तण म्हणून उपटतो, तिच्यावर तर पावसाळ्यात दिवसभर वर्दळ असते. ती कोपऱ्यात असू द्या.

एकेक रोप दहा ठिकाणी लावू नका. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते. तुळशीच्या पाच कुंड्या एकत्र ठेवल्या तर ती येते आणि रोज येते.

दुसरं कारण म्हणजे मधला उपास. पावसाळ्याच्या शेवटी आणि दिवाळीच्या आसपास सगळीकडे फुलंच फुलं असतात. सह्याद्रीत सोनकी, शेतात तीळ, कारळा, तूर. उन्हाळ्यात झाडं हात देतात: शेवगा, करंज, कडुनिंब, जांभूळ. खरी टंचाई भर पावसात, आषाढ-श्रावणात. मोठी झाडं फुलून गेलेली, रानफुलं यायची आहेत, आणि सततच्या पावसात माशीला बाहेर पडायला मिळतात दोन-तीन तास. नेमकं त्याच वेळी आपल्याला वेलांसाठी त्या हव्या असतात. म्हणून मे महिन्यातच तुळस, सब्जा आणि एकेरी झेंडू लावून ठेवावेत, म्हणजे जुलैत ते फुलावर असतात. वेल फुलायच्या आधी माशीला आपल्या बागेचा पत्ता माहीत झालेला असला पाहिजे.

बागेत विष कुठून येतंय?

हा भाग सगळ्यात जास्त लक्ष देऊन वाचा, कारण बाकी सगळं करूनही इथे चूक झाली की बाग रिकामी राहते.

पिठ्या ढेकूण किंवा मावा दिसला की दुकानातून हमखास मिळतं ते इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल किंवा थायामेथोक्झाम. ही आंतरप्रवाही औषधं आहेत. म्हणजे पानावर मारा किंवा मुळाशी ओता, ती झाडाच्या रसातून सगळीकडे जातात, परागात आणि मधुरसातही उतरतात. फवारणीच्या दिवशी माशी मेलेली दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही अपाय नाही. पण नंतर उमललेल्या फुलातूनही ते तिच्या पोटात जातं, ती वाट चुकते, पोळ्यावर परत पोचत नाही. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या (निओनिकोटिनॉइड) गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो याच कारणासाठी. घरच्या बागेत, जिथे दहा-वीस कुंड्या हाताने पुसता येतात, तिथे ही औषधं आणूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाला काय दिलंय ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर त्याची पहिली फुलं खुडून टाका.

'आम्ही फक्त सेंद्रियच वापरतो' हे उत्तरही पुरेसं नाही. निंबोळी अर्क, कडुनिंबाचं तेल, साबणाचं पाणी, दशपर्णी अर्क हे थेट माशीच्या अंगावर पडलं तर तिला इजा होतेच. शिवाय ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या, हवेत एका जागी तरंगणारी पट्ट्यापट्ट्यांची हॉवरफ्लाय, क्रायसोपा हे सगळे मावा खाणारे मित्र त्याच फवाऱ्यात सापडतात. मग मावा आठवड्यात परत येतो, कारण तो झपाट्याने वाढतो आणि त्याला खाणारे उरलेले नसतात. दर पंधरवड्याला 'प्रतिबंधक' म्हणून फवारणी करणाऱ्यांकडे मावा कायमचा मुक्कामाला का असतो, त्याचं उत्तर इथे आहे.

सगळीकडे सल्ला दिला जातो की फवारणी संध्याकाळी करा. काकडी आणि कारल्याला तो ठीक आहे. पण दुधी, दोडका, पडवळ यांची फुलं संध्याकाळीच उमलतात, हे आपण वर पाहिलं. मिश्र बागेत फवारणीसाठी निर्धोक अशी वेळच नाही. म्हणून फवारा बाजूला ठेवा. माव्यावर नळाच्या पाण्याचा जोरदार झोत मारा, पानाच्या खालच्या बाजूने. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसा. फारच झालं तर ती एक फांदी कापून टाका. निंबोळी अर्क मारायचाच असेल तर त्या वेलावरची उमललेली फुलं टाळून, फक्त कीड लागलेल्या पानांवर मारा.

आता बागेबाहेरचं विष. पावसाळ्यात डासांसाठी सोसायटीत किंवा गल्लीत धूरफवारणी होते, बहुधा संध्याकाळी. तो धूर डास ओळखून मारत नाही. कमिटीला लेखी सुचवा की साचलेलं पाणी शोधून काढणं आणि टाक्या-हौदांत गप्पी मासे सोडणं, किंवा फक्त अळ्यांवर चालणारं बीटीआय हे जिवाणूजन्य औषध वापरणं, हे जास्त परिणामकारक आहे. डासाची पैदास पाण्यात थांबते, हवेत नाही. डेंग्यूचा रुग्ण निघाल्यावर धूरफवारणी होणारच, तेव्हा हट्ट धरू नका. त्या संध्याकाळी पाण्याची भांडी पालथी करा आणि जमलं तर फुललेल्या कुंड्या ओल्या पातळ कापडाने झाका.

राहायला जागा आहे का?

मधमाशी म्हटलं की आपल्याला पोळं आठवतं. पण जगातल्या वीस हजारांहून जास्त मधमाश्यांच्या जातींपैकी पोळं करून राहणाऱ्या फार थोड्या. बाकीच्या एकट्या राहतात आणि त्यांतल्या बहुसंख्य जमिनीत बीळ करतात. फरशी, पेव्हर ब्लॉक आणि कृत्रिम गवत यांनी आपण त्यांची सगळी दारं बंद केली आहेत.

गच्चीवर एक रुंद टब किंवा जुनी घमेली घ्या. साधी माती आणि बारीक वाळू मिसळून दाबून भरा, वरचा थर जरा उतरता ठेवा म्हणजे पाणी साचणार नाही. उन्हात ठेवा आणि त्यात काहीही लावू नका. परसबागेत एखादा उन्हाचा कोपरा उघडा सोडा. आच्छादनाचा आग्रह धरणाऱ्या सगळ्यांना मी मुद्दाम सांगते, इथे पालापाचोळा घालू नका. मातीत पेन्सिलीएवढं भोक आणि कडेला बारीक मातीचा ढीग दिसला की मुंग्यांची पावडर टाकायच्या आधी थोडा वेळ थांबून आत कोण जातंय ते बघा.

दुसरी जागा म्हणजे वाळलेलं लाकूड. भुंगा, तोच मोठा काळा, निळसर पंखांचा, ज्याच्या गुणगुणण्याला लोक घाबरतात, तो वाळक्या शेवग्यात, पांगाऱ्यात, बांबूत बीळ कोरतो. वांग्याला आणि टोमॅटोला तो फार मोलाचा आहे. या फुलांचे पराग बारीक छिद्रांतून बाहेर पडतात आणि ते काढायला फूल घट्ट धरून अंग थरथरवावं लागतं. सातेरी मधमाशीला, म्हणजे आपल्याकडे पेटीत पाळतात तिला, ते जमत नाही. भुंग्याला जमतं, निळ्या पट्ट्यांच्या एकट्या माशीलाही जमतं. तेव्हा बागेतली वाळकी जाड फांदी जाळू नका, कोपऱ्यात उभी करून ठेवा. घरात लाकडी वासे असतील आणि भुंगा तिथेच कोरत असेल, तर वाशांना रंग द्या आणि त्याच्यासाठी जवळच बांबू टांगा.

'बी हॉटेल लावलं, वर्ष झालं, कोणी येत नाही'

ही तक्रार हल्ली वाढली आहे. बी हॉटेल म्हणजे एकट्या राहणाऱ्या माश्यांना घर करायला पोकळ नळ्यांची जुडी. ऑनलाइन मिळणारी शोभेची लाकडी घरं निम्म्याहून जास्त वेळा निरुपयोगी असतात. नळ्या आरपार उघड्या, खोली जेमतेम दोन इंच, आत पाइन कोन आणि लाकडाचा भुसा भरलेला. इंटरनेटवरच्या सूचनाही थंड देशांतल्या माश्यांसाठी लिहिलेल्या असतात. हिवाळ्यात नळ्या फ्रिजमध्ये ठेवा वगैरे आपल्याकडे करायचं नाही. आपल्याकडे संकट थंडीचं नसून ओलीचं आहे.

स्वतः बनवा. बारीक बांबू, बोरू, एरंडाच्या वाळक्या पोकळ काड्या. भोकं तीन ते दहा मिलिमीटर रुंदीची, वेगवेगळी, कारण वेगवेगळ्या अंगाच्या माश्या येतात. लांबी दहा ते पंधरा सेंटिमीटर. बांबू गाठीच्या लगेच मागे कापा म्हणजे मागची बाजू आपोआप बंद राहते. तोंडाची कड पॉलिश पेपरने घासा, कुसळ राहिलं तर माशीचे पंख फाटतात आणि ती आत जात नाही. रंग, व्हार्निश नको. वीस-पंचवीस नळ्यांची लहान जुडी पुरे. मोठ्या वसाहतीत परजीवी गांधीलमाश्या आणि बुरशी लवकर शिरतात.

ती वाऱ्यावर हलती टांगू नका, भिंतीला घट्ट बांधा, पूर्वेकडे तोंड करून, छज्जाखाली, साधारण छातीच्या उंचीवर. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात भिंतच ओलसर असते, तिथे भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, आत घाम धरून बुरशी येते. मुंग्या लागत असतील तर ज्या खांबावर जुडी आहे त्याला ग्रीसचा पट्टा लावा. पालीने समोर ठाण मांडलं असेल तर पुढे मोठ्या भोकांची जाळी थोडं अंतर ठेवून लावा.

नळीचं तोंड मातीने लिंपलेलं दिसलं तर ती बहुधा कुंभारीण किंवा तिच्या गोतातली दुसरी गांधीलमाशी. लोक ते फोडतात. फोडू नका. तिने आत आपल्या पिल्लांसाठी अळ्या भरून ठेवलेल्या असतात, त्यांतल्या कित्येक तुमच्या भाजीवरच्याच. तोंड हिरव्या पानाच्या तुकड्यांनी बंद असेल तर पानकाप्या माशीने घर केलंय. तिला गुलाबाच्या किंवा तुरीच्या पानावर काम करताना बघणं फार सुंदर असतं. पानाच्या कडेला बसून ती जबड्याने गोल कापत जाते, शेवटचा धागा तुटता तुटता पंख सुरू करते आणि तुकडा पोटाखाली धरून सरळ नळीकडे जाते. आत पानाची वाटी, त्यात पराग आणि मधुरसाचा गोळा, वर एक अंडं, मग पानाचं झाकण, पुढची वाटी. गुलाबाच्या पानांना गोल खाचा पडल्या म्हणून कीटकनाशक मारू नका. झाडाचं काही बिघडत नाही.

पिल्लं बाहेर पडून गेल्यावर, तोंडं फुटलेल्या नळ्या काढून नव्या घाला. त्याच नळ्या वर्षानुवर्षं ठेवल्या की आत माइट आणि बुरशी साठते.

पाणी

उन्हाळ्यात माश्या एसीच्या नळीवर, गळत्या नळावर जमतात आणि पक्ष्यांच्या भांड्यात बुडून मरतात. पसरट मातीच्या थाळीत खडे घालून, खड्यांची डोकी वर राहतील एवढंच पाणी ठेवा. दर दोन दिवसांनी बदला. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठवडाभर तरी लागतो, त्यामुळे डासांची भीती उरत नाही. साखरेचं पाणी ठेवू नका. माश्या फुलं सोडून तिथे गोळा होतात, मारामाऱ्या होतात आणि रोग पसरतात.

मधपेटी आणून ठेवली तर?

फळधारणेवरचा झटपट उपाय म्हणून गच्चीवर सातेरीची पेटी आणावी का, असं पुष्कळ जण विचारतात. पेटीतल्या माश्या साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिसरात फिरतात. परिसरात फुलं नसतील तर पेटी उपाशी राहते आणि माश्या ती सोडून जातात. शिवाय पेटी म्हणजे जबाबदारी: मेणपतंग, मुंग्या, पावसाळ्यातलं खाद्य, शेजाऱ्यांची संमती. शिकायचं असेल तर नीट शिका. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला राज्य खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये 'मधाचं गाव' झालं, पण तिथे भोवती जंगल आहे, हे विसरू नका. चार वेलांसाठी पेटी नको. वर सांगितलेली सोय करा, पेटीशिवाय काम होतं.

अळी दिसली की मारायची?

कढीपत्त्यावर आणि लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी म्हणजे फुलपाखराचं पिल्लू. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मॉन लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. एक रोप त्यांच्यासाठी जास्तीचं लावा, तुमचं वाचवायचं असेल तर अळ्या उचलून त्यावर ठेवा. पानं परत येतात.

सोसायटीतलं पोळं

गॅलरीतल्या कुंडीच्या फांदीवर तळहाताएवढं एकच पोळं असेल तर ती फुलोरी. ती सहसा कोणाला चावत नाही, फांदी हलवू नका, काही काळाने ती स्वतः जाते. भिंतीच्या फटीतून मेणाची बारीक नळी बाहेर आलेली दिसली तर त्या डंख नसलेल्या बारीक काळ्या माश्या. त्या डंख मारू शकत नाहीत हे रंगकाम करणाऱ्यांना आणि प्लंबरला आधीच सांगा, नाहीतर भोक सिमेंटने बुजवलं जातं. पोकळीत किंवा पाण्याच्या मीटरच्या पेटीत एकामागे एक अशी बरीच पोळी असतील तर ती सातेरी, तिला प्रशिक्षित माणूस पेटीत हलवू शकतो.

इमारतीच्या उंच छज्जाला लटकणारं एकच भलंमोठं पोळं म्हणजे आग्यामोहोळ, आणि ते गंमत म्हणून घ्यायचं नाही. या माश्या पेटीत राहत नाहीत, त्या हंगामानुसार स्थलांतर करतात. पोळं माणसांच्या वाटेपासून दूर असेल तर तेवढे दिवस त्या मजल्याखालची जागा दोरी लावून बंद ठेवणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग आहे. धूर, दगड, फटाके, पाण्याचा फवारा यांतलं काहीही करू नका. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून रात्री जाळणं हा उपाय नव्हे. उरलेल्या माश्या दुसऱ्या दिवशी सैरभैर होऊन खाली येतात आणि तेव्हाच माणसांना चावतात. शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दारावर असेल तर हलवावंच लागेल, पण मधमाश्या न मारता पोळं काढणाऱ्या प्रशिक्षित माणसाकडूनच, आणि खालची जागा आधी पूर्ण रिकामी करून.

सकाळी गॅलरीत ट्यूबलाइटखाली मेलेल्या मोठ्या माश्यांचा सडा दिसतो, त्या बहुधा या आग्याच्याच. चांदण्या रात्री त्या बाहेर पडतात आणि दिव्यावर येतात. जवळ पोळं असेल त्या दिवसांत संध्याकाळी पडदे ओढा आणि गॅलरीचा दिवा बंद ठेवा. लहान मुलांना सकाळी तिथे अनवाणी जाऊ देऊ नका, मेलेल्या माशीचाही काटा टोचतो.